दिवे बंद, रेडिओ बंद
बॅटरीवाल्याने बॉनेटमधून डोकं वर काढलं. बॅटरीत काही खोट नव्हती. तीन आठवड्यांपूर्वी घेतलेली बॅटरी, पण गाडी आठवडाभर उभी राहिली की हिने मान टाकलीच. म्हणजे गाडी बंद असतानाही काहीतरी गुपचूप करंट खात होतं.

"मीच विसरत असणार," बाबा म्हणाले. "दिवा, नाहीतर रेडिओ."

हे वाक्य हल्ली त्यांच्या तोंडात बसलं होतं. चौतीस वर्षं एका कारखान्याचं भांडार सांभाळलेला माणूस, कधी एक नट इकडचा तिकडे होऊ दिला नाही. आता गाडीतून उतरले की खिशातल्या वहीत तारीख घालून लिहायचे: दिवे बंद, रेडिओ बंद, दारं बंद. मग वर येऊन वही लेकीपुढे धरायचे. लिहिणारा एक, तपासणारा दुसरा, हा भांडारातला नियम. लेक हातातलं काम न सोडता बरोबरची खूण करून द्यायची. खाली जाऊन बघायला वेळ कुणाला होता? आणि मग गाडी सुरू झाली नाही की, "बाबा, परत?" असं म्हणायलाही तीच पुढे.

गुरुवारी मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतलेली होती. आज सकाळी तर बाबांनी गाडीची किल्ली आपणहून तिच्यासमोर आणून ठेवली. तुझ्याकडेच राहू दे म्हणाले, उद्या कुणाला उडवायचो. तिने घेतली. खोटं कशाला बोला, तिला हायसंच वाटलं होतं.

बॅटरीवाल्याने तार सोडवून मध्ये मीटर लावला आणि सहज विचारलं, गाडीत बाहेरून काही बसवून घेतलंय का, कॅमेरा वगैरे? बाबा हसले. बारा वर्षांत साधी सीटची कव्हरं बदलली नव्हती त्यांनी.

लेकीने हातातला फोन मुठीत आवळला.

दोन महिन्यांपूर्वी बाबा रस्ता चुकले होते आणि घरी यायला दोन तास उशीर झाला होता. दुसऱ्याच दिवशी गाडी धुऊन आणते असं सांगून ती बाहेर पडली होती आणि गाडीत एक छोटी डबी बसवून घेऊन आली होती. सगळं काळजीपोटीच. बाबा कुठे आहेत ते फोनवर दिसायचं. तिला बरं वाटायचं, त्यांनाही कळायचं नाही. त्या डबीचा आणि बॅटरीचा काही संबंध असेल हे तिच्या मनात आलं नव्हतं. आता आलं, आणि जाईना.

"राहू द्या ना," ती म्हणाली. "एवढं खोलत बसण्यापेक्षा उभी असताना तारच काढून ठेवत जाऊ."

"नाही," बाबा म्हणाले. "माझी चूक असेल तर मला बघू दे तरी."

बॅटरीवाला एकेक फ्यूज काढत गेला. मीटर हलेना. रेडिओचा फ्यूज काढला आणि आकडा धाडकन खाली आला. "बघ," बाबा तिला म्हणाले, जणू पैज जिंकले होते, आणि लगेच त्यांचा चेहरा उतरला. पण बॅटरीवाल्याने मान हलवली. रेडिओ बंदच होता, काकांचा काही दोष नव्हता. त्या फ्यूजवरून दुसरीच एक तार गेली होती. तो सीटपुढे आडवा झाला, डॅशबोर्डच्या आत हात घातला आणि तारेच्या टोकाला बांधलेली काडेपेटीएवढी काळी डबी बाहेर ओढली. गाडी कुठे आहे ते सांगणारी डबी, स्वस्तातली, आणि जोडणारा तर त्याहून दिव्य. त्याने पकडीने तार कापली.

लेकीच्या मुठीत फोन थरथरला. गाडीशी संपर्क तुटला, असं त्यावर आलं होतं. बॅटरीवाल्याने फोनकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि पकड पुसायला घेतली.

"ही कुणी बसवली, काका?" त्याने विचारलं. बोलला काकांशी, पण थांबला तिच्यासाठी.

आता बोलायचं होतं. एवढंसं वाक्य. तिने तोंड उघडलंही. पण बाबा डबी तळहातावर घेऊन तिच्याकडे इतका वेळ बघत राहिले की तिने तोंड पुन्हा मिटलं. ते आठवायचा प्रयत्न करत होते. कपाळावर आठ्या, ओठ पुटपुटताहेत, भांडारातली कुठली फळी, कुठला खण.

"मीच बसवली असेल," शेवटी ते म्हणाले. "दुसरं कोण बसवणार? बसवली आणि विसरलो. माझं काही खरं नाही आता."

बॅटरीवाल्याने बॉनेट लावलं. गाडी पहिल्याच चावीला सुरू झाली, तसा तो किल्ली काकांपुढे धरून उभा राहिला. बाबांनी ती घेतली नाही, हातानेच लेकीकडे दाखवलं. गुरुवारी डॉक्टरांना हेही सांगायला हवं, म्हणाले, आणि खिशातून वही काढली. गाडीच्या टपावर ठेवून सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं: काळी डबी, मी स्वतः बसवली, आठवत नाही. वर तारीख घातली.

मग वही तिच्यापुढे धरली. "बघ गं, बरोबर आहे?"

तिने किल्ली दुसऱ्या हातात घेतली, पेन घेतलं आणि खूण केली.