महिनाभराच्या खुणा

दाब दाखवणाऱ्या गेजची इंग्रजीत दोन स्पेलिंगं. इन्फ्लेमेबल म्हणजे न पेटणारं नव्हे, पेटणारं. बायवीकली म्हणजे आठवड्यातून दोनदा, किंवा दोन आठवड्यांतून एकदा.

आप्पांच्या बॉयलरची पुस्तिका मराठीत आणताना सुनेत्रा तिसऱ्या शब्दावर अडली. जादा वाफ सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह उघडून पाहायचा, तो नेमका कधी? ती थेट सायझिंगमध्ये, सुताला खळ लावायच्या कारखान्यात, बॉयलर सांभाळणाऱ्या आप्पांकडे गेली.

"मास्तरीणबाई, इंग्रजांचं इंग्रजांना कळंना, आमची कशाला परीक्षा?" आप्पा हसले.

"चेष्टा नको, आप्पा. तुम्ही किती दिवसांनी उघडता?"

"रजिस्टर बघ की."

आठवड्यातून दोनदा टिक होती, शेजारी आप्पांची सही. तिला हायसं वाटलं. मग तारखा दिसल्या. उद्याची टिक झालेली होती. पुढच्या सोमवारचीही.

"अगं, अमावस्येला बॉयलरला नारळ फोडला की महिन्याच्या खुणा एकदमच करून टाकतो. रीतच हाय आमची."

त्यांच्या पाठीमागे दाबाचा काटा लाल पट्ट्यात शिरला होता.

"आप्पा, बाहेर चला. आत्ता."

"एवढी भाकरी खातो की," म्हणत त्यांनी डबा उघडला.

तो व्हॉल्व्ह शेवटचा उघडला, तेव्हा सुनेत्रा सातवीत होती.