नवरीचं मायफळ

आमच्या गावात नवरीनं ओकच्या झाडावरून मायफळ, म्हणजे किड्यामुळे फांदीवर धरणारी गोल गाठ, खुडून आणायचं आणि नवऱ्या मुलाच्या आजीनं ते सगळ्यांसमोर फोडायचं, अशी रीत आहे. आत अळी निघाली तर लग्न वर्षभर पुढे. पोकळ निघालं तर लगेच बार उडवायचा. मात्र भोक पडलेलं मायफळ चालत नाही, कारण त्यातला किडा आधीच उडून गेलेला असतो.

इलिंकानं आपलं मायफळ साव्हेता आजीच्या हातावर ठेवलं. आजीनं ते बोटांत फिरवलं. एका जागी तिचा अंगठा चिकटला. तिथं टोकरलं तर नखात मेण आलं.

"फोड की गं आजी! पाहुण्यांचे घसे कोरडे पडलेत!" नवरदेव मागून ओरडला.

"गप रे, उतावळ्या!" आजीनं सुरीनं मायफळ फोडलं आणि दोन्ही तुकडे उंच धरले. "पोकळ! ओता प्लमची दारू!"

एकच गलका झाला. तेवढ्यात आजी इलिंकाच्या कानाशी वाकली.

"मेण बरं सुचलं तुला. माझ्या वेळी मी मेली कणीक लावली होती. ती गळून आजेसासूच्या मांडीवर पडली. म्हातारीनं गुपचूप तोंडात टाकली."