बोटाएवढा खड्डा

“पुन्हा बियाणंच हवंय?” नर्सरीवाले काका हसले. “नवशिक्यांना धीर म्हणून नसतो. रोज माती उकरून बघितली, तर कोंब फुटणार कसा?” “मी नाही उकरत,” तो पुटपुटला. उकरायची त्याची लेक. गेल्या वर्षी दोघांनी पहिलीच कुंडी भरली, झिनियाचं बी पेरलं. आणि ही रोज सकाळी मातीत बोट खुपसायची. “बाबा, आलंय का बघते!” तो खेकसायचा. कोंब दिसण्याआधीच ती तापानं गेली. यंदा त्यानं त्याच कुंडीत बी टाकलं. सकाळी बघतो तर थापलेल्या मातीत इवलासा खड्डा. त्याची करंगळी मावली नाही, बायकोचीही नाही. दोघं बी पुन्हा पुन्हा पेरत राहिले. काकांनी फुललेलं रोपच पुढं केलं. “हेच न्या सरळ.” “नको, काका. बियाणंच द्या. नाहीतर ती सकाळी काय बघायला येणार?”