लाईट आली!

नवऱ्याच्या नोकरीसाठी परदेशात येऊन आम्हाला दोन वर्षं झाली. पगार चांगला, फ्लॅट मोठा, फक्त लाईट दिवसातून जेमतेम चार तास, तीही तिच्या मर्जीने. मिक्सर लावायला घेतला की ती गेलीच म्हणून समजायचं.

यंदा सासरे आमच्याकडे राहायला आले. ते निवृत्त वायरमन, त्यांना नुसतं बसवतंय होय? काल सकाळी लाईट गेल्यावर ते टॉर्च घेऊन तळमजल्यावरची मीटरची खोली बघायला गेले आणि घामाघूम होऊन परत आले.

"अगं, खाली फ्यूजच्या जागी जाड तार गुंडाळलीय! वायरी वितळून एकमेकींना चिकटल्यात."

"करपल्याचा वास येतो म्हणून मी घरमालकांना चारदा सांगितलं, बाबा. ते म्हणतात, आजवर काही झालंय का?"

"होणार कसं? वायरी तापतात, तेवढ्यात लाईट जाते नि त्या गार होतात. लाईट जाते म्हणून जिवंत आहात तुम्ही! मेन स्विचचं हँडल मोडलंय, ते खाली ढकलायला लाकडाचं काहीतरी दे लवकर."

मी ओट्यावरचं लाटणं उचललं.



तेवढ्यात लाईट आली. सगळ्या मजल्यांवर टाळ्या वाजल्या आणि दोन वर्षं अंधाराच्या नावाने बोटं मोडणारी मी तीच लाईट बंद करायला सासऱ्यांच्याही पुढे धडाधड जिना उतरत होते.