जिन्यावरचा घोडा

घोडा काही केल्या येईना. चाळीस मिनिटं झाली, पडद्यावर एक बाई नुसती चादरी वाळत घालत होती.

पहिल्या रांगेत बसलेले प्राध्यापक सारखे घड्याळ पाहत होते. पाण्याने भरलेला जिना, त्यावर उभा पांढरा घोडा, त्याच्या आयाळीला गाठी मारणारी मुलगी. या एका प्रसंगावर त्यांनी साठ पानं लिहिली होती. पुस्तकाच्या सात आवृत्त्या निघाल्या. सिनेमा तीस वर्षांपूर्वी एकदाच, मोजक्या लोकांना दाखवला गेला. मग प्रत हरवली. त्यामुळे पुस्तकावर सगळ्यांचा गाढ विश्वास होता.

आता दिवंगत दिग्दर्शकाच्या मुलीला ती प्रत घरातच सापडली होती आणि रविवारी सकाळी फिल्म क्लबचा हॉल खचाखच भरला होता.

बाईने शेवटचा चिमटा लावला. सिनेमा संपला. दिवे लागले. सगळे प्राध्यापकांकडे पाहू लागले.

ते उठले. उरावरचं ओझं एकदाचं उतरवावं असं त्यांनी ठरवलं. "खरं सांगतो, मी हा सिनेमा पाहिलेला नाही. तेव्हा विद्यार्थी होतो, परीक्षेचं जागरण होतं. सुरुवातीची नावं संपायच्या आत डोळा लागला. पुस्तकात लिहिलं ते मला पडलेलं स्वप्न."

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"वा, सर," क्लबचे अध्यक्ष गहिवरले. "हा सिनेमा जागेपणी पाहताच येत नाही, हेच ना?"

मागून कुणीतरी म्हणालं, घोडा आपल्यालाही जाणवला, चादरींच्या मागे. लगेच चादरींवर चर्चा सुरू झाली. प्राध्यापकांनी दोनदा "अहो, खरंच झोपलो होतो" म्हणून पाहिलं. दोन्ही वेळा लोकांनी ते वहीत उतरवून घेतलं.

शेवटी ते दिग्दर्शकाच्या मुलीजवळ गेले. पन्नाशीची बाई, रिळांचे डबे पिशवीत भरत होती.

"तुम्ही तरी विश्वास ठेवा," ते म्हणाले. "तुमच्या वडिलांची मला माफी मागायची होती. पुस्तक वाचून हसले असतील."

"हसले नाहीत," ती शांतपणे म्हणाली. "दोनदा वाचलं. म्हणाले, काढायचा होता तो सिनेमा हाच, मला नाही जमला. त्यानंतर त्यांनी कॅमेऱ्याला हात लावला नाही."