तीन पायांचा पोपट

आई पोटच्या लेकीला ओळखेनाशी झाली. डॉक्टर झाले, जुने फोटो दाखवून झाले, लेक अगदी मेटाकुटीला आली. शेवटी तिने ट्रंकेतले आईने भरतकाम केलेले रुमाल काढले. नव्या फ्रेमा कुठल्या परवडायला! भंगारातून आणलेल्या घासूनपुसून घेतल्या, त्यांत रुमाल ताणून बसवले आणि आईच्या पलंगासमोरची भिंत भरून टाकली.

आईची नजर फिरत फिरत एका रुमालावरच्या पोपटावर थबकली. त्याला तीन पाय होते. तिसरा लेकीने सातव्या वर्षी, आईची पाठ वळताच, गुपचूप भरला होता. आईने तो कधीच उसवला नाही.

"हा आमच्या चिमीचा पराक्रम!" आई खुदकन हसली.

लेक चटकन पुढे झाली. "हो गं आई! मीच ती. मीच तुझी चिमी!"

आईने तिच्याकडे परक्यासारखं पाहिलं आणि हात जोडले.

"बाई, हा तेवढा रस्त्याकडच्या खिडकीत टांगाल का? पोपट दिसला की तिला खूण पटेल. कधीची शोधत असेल हो मला."