माणूस पाठवतो म्हणाले होते

घरचं नेट बंद पडून महिना होत आला होता. घरून काम करणाऱ्या नवऱ्याला रोज ऑफिस गाठावं लागत होतं. संध्याकाळी आला, की बूट काढायच्या आत तो कंपनीला फोनवर फैलावर घ्यायचा.

"माणूस पाठवला म्हणता, मग तो जातो कुठे? नुसत्या थापा!"

"डोक्याला ताप नको करून घेऊस," बायको पाणी देत म्हणायची, "कंपनीच मेली तसली."

एके दिवशी दुपारी कंपनीचा माणूस पुन्हा दारात उभा राहिला.

"नेट? छान चाललंय की, दादा! उगाच हेलपाटा पडला तुम्हाला." तिने गोड हसून दार लावलं.


आतून सासूबाईंनी विचारलं, "गेला ना गं? नाहीतर पुन्हा दिवसभर चिरंजीवांच्या मीटिंगा, आणि आपल्याला घरात शिंकायचीही चोरी!"